व्हिएतनाममधलं चहाचं गाव: तान कुओंग की सुओइ जियांग?

मराठी पर्यटकांची व्हिएतनामची सहल बहुतेक एकाच साच्यातली असते. हनोई, हालाँग बे, मग दा नांग आणि होइ आन, शेवटी हो ची मिन्ह सिटी. यातून दोन-तीन दिवस ज्यांना बाजूला काढता येतात आणि चहा ज्यांना मनापासून आवडतो, त्यांच्यापुढे हमखास प्रश्न येतो, की चहाच्या गावी जायचं तर नक्की कुठल्या? इंटरनेटवर शोधलं की चार-पाच नावं समोर येतात आणि सगळीकडे फोटो सारखेच दिसतात: हिरव्यागार गोल टेकड्या, पाठीवर टोपली, डोक्यावर शंकूच्या आकाराची टोपी. प्रत्यक्षात ही गावं एकमेकांपासून फार वेगळी आहेत. फोटो बघून निवड केली, तर चहा होताना बघायला गेलेला माणूस नुसत्या टेकड्या बघून परत येतो.

माझी कसोटी एकच आहे. सकाळी झुडपावर असलेलं पान त्याच दिवशी, त्याच घरात, त्याच माणसांच्या हातून तयार होऊन तुमच्या कपात येतं का? आपल्याकडे महाराष्ट्रात चहाचे मळे नाहीत. चहा म्हणजे पुडीतली दाणेदार भुकटी, एवढीच आपली ओळख. त्यामुळे पानाचा हा पूर्ण प्रवास एकदा डोळ्यांनी बघणं ही मराठी माणसासाठी खरी मिळकत आहे. टेकड्या मुन्नारलाही दिसतात.

या कसोटीवर दोनच ठिकाणं खऱ्या अर्थाने समोरासमोर उभी राहतात. एक हनोईजवळच्या थाय न्गुयेनमधलं तान कुओंग, दुसरं वायव्येच्या डोंगरातलं सुओइ जियांग. बाकीच्यांबद्दल पुढे थोडक्यात लिहिलं आहे.

तान कुओंग: घरामागची भट्टी

हनोईच्या उत्तरेला 75-80 किलोमीटरवर थाय न्गुयेन शहर आहे. 2014 मध्ये द्रुतगती मार्ग सुरू झाल्यापासून दीड-दोन तासांत पोचता येतं. शहराच्या पश्चिमेला, नुई कोक जलाशयाच्या बाजूला तान कुओंगचा परिसर लागतो. इथल्या चहाला 2007 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि व्हिएतनाममध्ये हिरव्या चहाचा विषय निघाला की हे नाव आधी येतं. थाय न्गुयेनमध्ये चहासाठी चार ठिकाणं मानाची समजतात: तान कुओंग, ला बांग, चाय काय आणि खे कोक. पहिल्यांदा जाणाऱ्याने तान कुओंगच धरावं. पोचायला सोपं आणि पाहुण्यांची सवय असलेली घरं इथे जास्त.

इथला चहा फार प्राचीन नाही, हे आधीच सांगायला हवं. फ्रेंचांच्या काळात 1918 मध्ये फु थो भागात फु हो इथे चहाचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच फु थोमधून 1920 च्या दशकात बियाणं तान कुओंगला आणलं गेलं, असं मानतात. ते आणणारे वू वान हिएत यांना गाव आजही आद्यपुरुषाचा मान देतं. म्हणजे परंपरा आहे ती शंभरेक वर्षांची. पण या शंभर वर्षांत पान भाजण्याची जी कला घराघरांत मुरली, ती बघण्यासाठीच इथे जायचं.

बागा लहान आहेत. उत्तर व्हिएतनाममध्ये जमीन 'साओ'त मोजतात. एक साओ म्हणजे 360 चौरस मीटर, आपले साधारण साडेतीन गुंठे. अनेक घरांची बाग अशा मोजक्या साओंचीच असते, घराच्या मागच्या दारापासून सुरू होणारी. तोडणीच्या दिवशी शेजारच्या घरातल्या बाया मदतीला येतात आणि त्यांच्या तोडणीला या घरातल्या जातात. आपल्या गावाकडची सावड ज्यांनी बघितली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तोडणी पहाटे उजाडताच सुरू होते. चांगल्या मालासाठी कळी आणि तिच्याखालची एक किंवा दोन पानं, एवढंच खुडतात. उन्हं चढायच्या आत टोपल्या घरी येतात आणि पानं जमिनीवर पातळ पसरतात. ढीग केला तर आतली पानं तापतात आणि काळी पडतात. काही तासांनी पानातलं पाणी थोडं उडालं, पान मऊ पडलं की भट्टी पेटते.

ही भट्टी म्हणजे पडवीत आडवं बसवलेलं लोखंडी पिंप. एका बाजूने तोंड उघडं, खाली लाकडांचा जाळ, कडेला ते फिरवणारी छोटी मोटर. आता काही घरांत गॅस किंवा वीज आली आहे, पण लाकडाचा जाळ अजून भरपूर ठिकाणी दिसतो. पिंप किती तापलं आहे ते घरातली बाई तोंडाशी तळहात धरून ओळखते. पानं आत पडली की वाफेचा लोट येतो आणि कच्च्या हिरव्या गवताचा वास मिनिटा-दोन मिनिटांत बदलायला लागतो. मग ती मूठभर पानं बाहेर काढते आणि एक देठ वाकवून बघते. देठ कटकन मोडला तर अजून वेळ आहे. न मोडता वाकला, तर पान उतरवायचं. पान काळं पाडणारी आतली क्रिया या पहिल्या तावात थांबते. हा ताव चुकला, तर पुढचं काही सुधारता येत नाही.

त्यानंतर पानं मळतात. पूर्वी हे हाताने चालायचं, आता लहान यंत्र असतं. मळताना पान स्वतःभोवती गुंडाळतं आणि वाळल्यावर गळाच्या आकड्यासारखं वाकतं. या आकड्यावरूनच इथल्या प्रसिद्ध प्रतीला 'मोक काउ' म्हणतात. मग पुन्हा पिंप, या वेळी मंद आच, दोन-तीन फेऱ्या. शेवटची फेरी सुगंध उठवण्याची. ती घरातल्या सगळ्यात जाणत्या माणसाकडे असते आणि त्या वेळी त्याच्याशी बोलायला जायचं नाही, कारण वास आणि पिंपातल्या पानांचा आवाज यांवर त्याचं सगळं लक्ष असतं. सुमारे पाच किलो ओल्या पानाचा एक किलो चहा होतो. सकाळी सगळ्या घराने मिळून भरलेल्या टोपल्यांचं काय झालं, ते संध्याकाळी एका पिशवीत दिसतं. चहाची किंमत तेव्हा कळते.

चव? पहिला घोट तुरट, थोडा कडकच. मग घशात गोडवा उतरतो आणि तो रेंगाळतो. वास कोवळ्या हिरव्या भाताच्या पोह्यांसारखा, असं तिथले लोक सांगतात आणि ते अगदी बरोबर आहे. आपली जीभ दूध-साखरेला सरावलेली असते, म्हणून पहिल्या कपावर मत बनवू नका. घरातले लोक लहान लहान कपांत पुन्हा पुन्हा ओततात. तिसऱ्या कपाला जीभ जागेवर येते.

आता उणी बाजू. तान कुओंगमध्ये स्वप्नातलं खेडं शोधायला जाल तर हिरमोड होईल. शहराला खेटलेला भाग आहे. सिमेंटची दोन-तीन मजली घरं, रस्त्याच्या कडेला चहाच्या दुकानांच्या पाट्या, मालाच्या गाड्या. टेकड्या बुटक्या. शिवाय काही ठिकाणी पाहुण्यांसाठी ठरीव कार्यक्रम बसवलेला असतो: पोशाख घाला, पाच मिनिटं पानं खुडा, फोटो काढा, मग दुकानात चला. यात भट्टी दिसतच नाही. हनोईहून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींमध्ये हा धोका जास्त असतो. सकाळी दहाला पोचायचं आणि तीनला निघायचं, म्हणजे तोडणी संपलेली आणि भाजणी जेमतेम सुरू झालेली. तान कुओंगला एक रात्र राहाच, हा माझा आग्रह आहे. एका रात्रीने सगळा फरक पडतो.

सुओइ जियांग: झाडावरचा चहा

इथे चित्र पार बदलतं. सुओइ जियांग (स्थानिक उच्चार 'झांग'च्या जवळ जातो, गाडीवाल्याला तसं सांगा) समुद्रसपाटीपासून साधारण 1,300 ते 1,400 मीटरवर आहे. हनोईहून अंतर 200 किलोमीटरच्या आसपास, वेळ चार ते पाच तास, शेवटचा तुकडा घाटाचा. हा भाग पूर्वी येन बाय प्रांताच्या वान चान जिल्ह्यात होता. 1 जुलै 2025 पासून व्हिएतनामने प्रांतांची फेररचना केली, जिल्हे रद्द केले आणि येन बाय हा लाओ काय प्रांतात मिळवला. जुन्या आणि नव्या नकाशांत वेगवेगळी नावं दिसली तर गोंधळू नका, गाव तेच आहे.

इथली वस्ती ह्मोंग समाजाची आहे. आणि इथला चहा म्हणजे कमरेएवढी छाटलेली झुडपं नाहीत, खरीखुरी झाडं आहेत. खोडावर पांढरट शेवाळ चढलेलं, फांद्या वेड्यावाकड्या, काही झाडांना दोन माणसांनी मिळून कवेत घ्यावं लागेल. कोकणात आंबे उतरवायला माणूस झाडावर चढतो तसे इथले बाप्ये आणि बायाही टोपली घेऊन फांद्यांवर चढतात. 2016 मध्ये इथल्या 400 झाडांना व्हिएतनामचे 'वारसा वृक्ष' म्हणून मान्यता मिळाली. गावात सगळ्यात जुन्या झाडाची पूजा करण्याची प्रथा आहे.

या चहाला 'शान तुयेत' म्हणतात. मोठ्या पानाच्या गटातला हा चहा, म्हणजे आपल्या आसामच्या चहाचा जवळचा नातलग. कळीवर पांढरी मऊ लव असते, बोटाला सहज जाणवते. चव तान कुओंगच्या मानाने गोल, तुरटपणा कमी, अंगात जोर जास्त. एकाच पानावर सहा-सात वेळा पाणी ओतलं तरी तो थकत नाही.

झाडांच्या वयाबद्दल मात्र सावध राहा. विकणारे तीनशे, पाचशे अशी वर्षं सर्रास सांगतात. झाडं जुनी आहेत, यात शंका नाही. पण प्रत्येक पुडीवर छापलेलं वय कोणी झाडाला मोजून काढलेलं नसतं. त्या आकड्यावर जास्त पैसे मोजू नका. कळीवरची लव, पानाचा आकार आणि कपातली चव यांवर मोजा.

तोडणीचं गणित हा दोन्ही गावांतला सगळ्यात मोठा फरक आहे, आणि निर्णय बहुतेकांचा यावरच व्हायला हवा. तान कुओंगला पाणी आणि खत देऊन वर्षाला सात-आठ तोडण्या निघतात. एका घरी नाही तर दुसऱ्या घरी, मार्च ते नोव्हेंबर या काळात जवळपास रोज कुठेतरी भट्टी पेटलेली सापडते. सुओइ जियांगला झाडं वर्षाला तीन-चार वेळाच फुटतात. पहिला बहर वसंतातला, मार्च-एप्रिलचा, आणि सगळ्यात मोलाचा. मग उन्हाळ्यातला, मग साधारण ऑगस्ट-सप्टेंबरचा. मधल्या आठवड्यांत गेलात तर झाडं भेटतील, धुकं भेटेल, माणसं भेटतील, पण कढई थंड असेल.

कढई म्हणजे बिडाची, जाड, चुलीवर तिरपी बसवलेली. छोट्या घाण्यांसाठी जुन्या पद्धतीने पानं अजून तिच्यात हातानेच परततात. सुती हातमोजे घालून पानं तळापासून उचलायची, हवेत मोकळी करायची, पुन्हा खाली सोडायची. एका घाण्याला बराच वेळ आणि पूर्ण वेळ ओणवं उभं राहणं. तान कुओंगचं फिरतं पिंप बघितल्यावर हे बघितलं, तर पिंप येण्याआधी चहा कसा होत असेल ते लख्ख कळतं.

पण इथे एक अडचण आहे. सुओइ जियांगमधली पुष्कळ कुटुंबं ओलं पान सहकारी संस्थेला किंवा कंपनीला विकून मोकळी होतात. घरी चहा करणारी घरं त्यामानाने थोडी. सहकार आपल्याला नवा नाही. ऊसवाल्या शेतकऱ्याच्या घरी साखर होत नाही, हे आपण जाणतो. म्हणून राहायची जागा ठरवताना 'तुमच्या घरी कढई आहे का, आणि आम्ही असू तेव्हा ती पेटणार आहे का' हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका.

दोन्ही शेजारी ठेवून

घरात आई-वडील असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर तान कुओंग. बागा सपाट नाहीतर हलक्या चढाच्या आहेत, गाडी दारात येते, शहर आणि दवाखाना जवळ. सुओइ जियांगला झाडांपर्यंत ओल्या पायवाटांवरून चढ-उतार करावा लागतो, पावसात चिखल होतो, हिवाळ्यात रात्री चांगलाच गारठा पडतो. लाकडी घर, बाहेरचं न्हाणीघर, सामायिक झोपण्याची जागा, यांची तयारी हवी. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मात्र सुओइ जियांग जास्त आवडेल. झाडावर चढून खुडला जाणारा चहा त्यांच्या कायम लक्षात राहील. मुलांना झाडांवर चढू देऊ नका. ती झाडं त्या घरांची मिळकत आहे, आणि एक मोडलेली फांदी भरून यायला वर्षं जातात.

जेवणाचा प्रश्न आपल्याकडे आधी विचारला जातो, म्हणून स्पष्ट लिहितो. दोन्हीकडे यजमानाचं जेवण म्हणजे भात, कोंबडी किंवा डुकराचं मांस, पालेभाजी, टोफू, सूप. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण पालेभाजीतसुद्धा माशाचं सॉस पडतं. आदल्या दिवशीच 'आन चाय' (शाकाहारी) आणि 'खोंग न्योक माम' (माशाचं सॉस नको) हे व्हिएतनामीत लिहून पाठवा. तान कुओंगला हे नीट समजून घेतात, शहरात शाकाहारी खानावळीही आहेत. सुओइ जियांगला घरात जे आहे त्यातून करतात, म्हणून शेंगदाणे, खाकरे, मेतकूट बरोबर असलेलं बरं. गरम भात आणि मेतकूट यजमानांनाही चाखायला द्या.

भाषेचं म्हणाल तर तान कुओंगला फोनवरचा अनुवाद पुरतो, आणि बऱ्याच घरांत मुलं थोडं इंग्रजी बोलतात. सुओइ जियांगला वयस्कर मंडळी घरात ह्मोंग बोलतात, आणि तिथे फोन फारसा कामाला येत नाही. येन बायच्या बाजूचा एखादा स्थानिक वाटाड्या बरोबर घेतलात तर तोच दौरा दुप्पट मोलाचा होईल. मला वाटतं, पैसे वाचवायचे तर राहण्यात वाचवावेत, दुभाष्यात वाचवू नयेत. यजमानीण मूठभर पानं पुढे करून काहीतरी सांगते आहे आणि आपल्याला एक अक्षर कळत नाही, यासारखी चुटपुट नाही.

आजूबाजूला काय बघायचं, यात सुओइ जियांग बाजी मारतं. तिथून पुढे न्गिया लो, तु ले आणि मग मु कांग चाय इथली भाताची पायऱ्यांची शेती. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ती सोनेरी असते. तीन-चार दिवसांची सलग वाट होते आणि चहा त्यातला पहिला मुक्काम. तान कुओंगजवळ नुई कोकचं पाणी आहे, शहरात व्हिएतनाममधल्या सगळ्या समाजांची ओळख करून देणारं वंश-संस्कृतींचं संग्रहालय आहे, आणि ते खरंच चांगलं आहे. पण त्यासाठी मुद्दाम कोणी जाणार नाही.

खरेदीत तान कुओंगचा हात वर. एकाच घरात चार प्रती शेजारी शेजारी चाखता येतात. सगळ्यात वर 'दिन्ह', खिळ्यासारखी निव्वळ कळी. मग 'तोम नोन', मग 'मोक काउ', मग साधा. भाव ढोबळ सांगायचे तर मोक काउ किलोला काही लाख डोंगांत येतो, दिन्ह वीस-तीस लाखांपासून पुढे जातो. एक लाख डोंग म्हणजे साधारण सव्वातीनशे ते साडेतीनशे रुपये, हे ध्यानात ठेवलं की आकड्यांची भीती जाते. दिन्हचा मान मोठा, पण रोज प्यायला मला मोक काउच आवडतो. दिन्ह इतका नाजूक असतो की पाणी जरा गरम झालं तरी बिघडतो. तान कुओंगच्या नावाने दुसरीकडचा माल हनोईत पुष्कळ विकला जातो, तेव्हा भट्टी बघितलेल्या घरातूनच घ्या. तुमच्यासमोर हवा काढून बंद केलेली शंभर-दोनशे ग्रॅमची पाकिटं मिळतात. फवारणीबद्दलही मोकळेपणाने विचारा. तान कुओंगमध्ये बऱ्याच घरांकडे व्हिएतगॅप (चांगल्या शेतीपद्धतीचं) प्रमाणपत्र असतं, पूर्ण सेंद्रिय करणारी थोडी. सुओइ जियांगच्या जुन्या झाडांना बहुधा खत-फवारणी लागतच नाही, आणि ज्यांना हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो त्यांनी तिथूनच घ्यावा.

बाकीची नावं

मोक चाउ. सोन ला प्रांतातलं पठार, उंची हजार मीटरच्या थोडी वर, हनोईहून 190 किलोमीटरच्या आसपास. हृदयाच्या आकाराची चहाची टेकडी इथलीच. फोटो उत्तम येतात, जानेवारी-फेब्रुवारीत आलुबुखारची फुलं येतात, हवा छान. पण मळ्यांचा उगम 1958 च्या सरकारी शेतीसंस्थेत आहे. आजही दोन माणसं यंत्राची कात्री धरून ओळीच्या ओळी छाटतात आणि पान कारखान्यात जातं. माझ्या कसोटीवर इथे चहा 'दिसतो', होताना बघायला मिळत नाही. लॉंग कोक, फु थोमधलं, हनोईपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. उपडे वाडगे ठेवल्यागत टेकड्या आणि पहाटेचं धुकं, शरदापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंत सगळ्यात छान. छायाचित्रकाराने एक रात्र जरूर राहावं, चहावेड्याने तेवढ्यासाठी वाट वाकडी करू नये.

दक्षिणेत दा लातजवळ काउ दात आहे. 1927 चा फ्रेंच कारखाना, जुनी यंत्रं, शेजारी आता पवनचक्क्या. दा लातला जाणारच असाल तर अर्धा दिवस चांगला जातो. त्याच प्रांतातल्या बाओ लोकला ऊलाँगचे (अर्धवट आंबवलेल्या चहाचे) मोठे मळे आहेत, तेही मुख्यतः कंपन्यांचे.

सुओइ जियांगसारखीच जुनी झाडं 'हा जियांग' नावाच्या जुन्या प्रांताच्या डोंगरांतही आहेत, होआंग सु फि आणि काओ बो भागात. तो भाग आता तुयेन क्वांग प्रांतात गेला आहे. अप्रतिम आहे, पण हनोईपासून तीनशे किलोमीटर. चार दिवस हातात असतील तरच.

माझा कौल

पहिल्यांदा व्हिएतनामला जात असाल आणि हनोईच्या मुक्कामातून दीड-दोन दिवसच निघत असतील, तर तान कुओंग, एक रात्र, दुसरा विचार नको. पान ते कप हा अख्खा प्रवास बघायची हमी इथे सगळ्यात जास्त आहे, आणि मी सौंदर्यापेक्षा ती हमी वरची मानतो. चार दिवस असतील आणि मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर गाठता येत असेल, तर सुओइ जियांगला दोन रात्री. एक रात्र पुरत नाही, कारण पाऊस पडला की त्या दिवशी तोडणी होत नाही. दोन्ही जमत असेल तर आधी तान कुओंग करा. एकदा प्रक्रिया डोळ्यांखालून गेली, की डोंगरातल्या कढईशी काय वेगळं चाललं आहे ते आपोआप दिसायला लागतं.

तारखांबद्दल दोन इशारे. तेत, म्हणजे व्हिएतनामचं चांद्र नववर्ष, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीमध्याच्या दरम्यान येतं. त्या आठवड्यात घरं पाहुण्यांसाठी बंद असतात आणि रस्ते तुंबलेले असतात. तेतनंतर मात्र तान कुओंगला वसंत चहाचा उत्सव असतो, आणि तेव्हाचं पान वर्षातलं सगळ्यात गोड. दुसरा इशारा वादळांचा. 2024 च्या सप्टेंबरात यागी वादळाने येन बाय, लाओ काय आणि थाय न्गुयेनला पुराचा फार मोठा फटका दिला, डोंगरांत दरडी कोसळल्या. ऑगस्ट ते ऑक्टोबरची सुरुवात या काळात जाणार असाल तर सुओइ जियांगचं आरक्षण रद्द करता येईल असंच करा, आणि यजमान 'येऊ नका' म्हणाले तर ऐका.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो. 2023 च्या ऑगस्टपासून तो 90 दिवसांपर्यंतचा आहे, एकदाच प्रवेशाचा 25 डॉलर, अनेकदा प्रवेशाचा 50. मुंबईहून हनोईला थेट विमानं आहेत, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या माणसाला दिल्लीला वळसा घालायचं कारण नाही. हनोईला उतरून पहिलाच मुक्काम चहाच्या गावी ठेवता येतो, आणि तान कुओंगच्या बाबतीत ते विमानतळाच्या दिशेलाच आहे.

निघण्याच्या आठवडाभर आधी यजमानांना तीन प्रश्न पाठवा: त्या दिवशी तोडणी आहे का, भाजणी घरीच करता का, आणि आम्ही सकाळपासून संध्याकाळपर्यंत बाजूला बसून बघू शकतो का. उत्तरं सरळ आली तर जा. नुसते फोटो आले तर दुसरं घर शोधा. आणि घरी आणलेला हिरवा चहा पाकीट फोडल्यावर हवाबंद डब्यात, मसाल्यांच्या कपाटापासून लांब ठेवा. तान कुओंगच्या पानाला उकळतं पाणी नको, 80-85 अंश पुरे. शान तुयेतला त्याहून गरम चालतं. पहिलं पाणी पटकन ओतून टाकायचं आणि दुसऱ्यापासून प्यायला सुरुवात करायची.